नंबर चारचे अकरा मार्क

१२ खुर्दाद १३५२ फसली, नांदेड

नापास.

लिहून पाहिलं तरी खरं वाटत नाही. नतीजा आज दारावर लागला. उर्दू पास, हिसाब पास, भूगोल पास. तोंडी परीक्षेत पन्नासांत अकरा. तोंडी गेली की बाकीचं सगळं पाण्यात, असा नियम आहे. ओळीखाली बोट धरून तीनदा वाचलं. नंबर चार, अकरा. नंबर चार मीच.

आणि नंबर आठ, म्हणजे धर्माबादची कमल, एक्केचाळीस. सगळ्यांत वर! परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच तिला भागाकार समजावत होते आणि ती रडत होती. ती पण नतीजा बघून माझ्याकडे बघायला लागली.

घरी आत्याबाईंनी (ह्यांच्या आत्या, वर्षभर त्यांच्याकडेच राहते आहे) विचारलं, "काय गं, पेढे आणायचे का?" डोकं दुखतंय म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. लातूरला काय कळवू?

१३ खुर्दाद

रडून झालं. आता राग आला आहे.

प्रो. सा., म्हणजे आमचे प्रोफेसरसाहेब, निजामाच्या हैदराबादेतल्या कॉलेजातले मोठे विद्वान, आम्हाला उस्तानी, म्हणजे शाळेतल्या बाई, करायला खास पाठवलेले. आमचं कॉलेज म्हणजे एक खोली आणि तिच्या मधोमध जाड पडदा. पलीकडे ते, अलीकडे आम्ही आठजणी. वर्षभर त्यांनी आमचं तोंड पाहिलं नाही. परक्या बाईचं नाव पुरुषानं घेऊ नये म्हणून नावंही नाहीत, नुसते नंबर. "नंबर चार?" "हाजिर." एवढीच माझी ओळख. ठीक आहे. पण आवाज तर माणूस ओळखतो की नाही? शेतातली म्हैस ओळखते.

आणि परीक्षेत तर स्वतःच खूश झाले होते! विचारलं, मुलांना भागाकार कसा शिकवाल? मी म्हटलं, घरात भाकरी चार आणि खाणारी सहा, तेव्हा आई काय करते, तिथून सुरू करीन. पडद्यापलीकडून हसू आलं. "बहोत खूब, ये किसी किताब में नहीं है." कविता म्हणून दाखवली, एक शब्द चुकला नाही. मग अकरा कशाचे? माझ्या जातीचे, का माझ्या लातुरी उर्दूचे? हसून गळा कापला माझा.

सासूबाईंची अट एकच साल. पास झाली तर लातूरच्या मुलींच्या शाळेत उस्तानी, जागा रिकामी आहे. नाही झाली तर चूल आहेच. ह्यांनी घरात किती दिवस अबोला धरला तेव्हा मला इथं पाठवलं. दुसरं साल कुणी देणार नाही. हे पण नाही मागणार, मला माहीत आहे.

१५ खुर्दाद

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितेच.

सकाळी मोठ्या उस्तानीबाईंकडे गेले. पडद्याच्या आमच्या बाजूला सगळी देखरेख त्यांची. चांगली भांडायच्या तयारीनं गेले होते. म्हटलं, प्रो. सा.नी अन्याय केला, फिरून तपासा. त्या पान लावत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "बेटा, प्रोफेसरसाहेब के हाथ से ऐसी भूल नहीं होती." मग एकदम थांबल्या. हातातलं पान खाली ठेवलं. "उस दिन तुम चौथी जगह पर कहाँ थीं?"



त्या दिवशी मी बाजूला बसले होते. परीक्षेच्या पहाटेच अडचण आली. एरवी चार दिवस मी वर्गात जातच नाही, पण परीक्षा कशी चुकवणार? गेले. दाराशी वेगळ्या पाटावर बसले. आमच्यातल्या दोघीतिघी म्हणाल्या, ही सतरंजीवर नको, आम्हाला संध्याकाळी देवाचं करायचं असतं. मलाही ते चुकीचं वाटलं नाही. मीच म्हटलं, मी सगळ्यांत शेवटी देईन, नंतर सतरंजी धुवायला टाका. तोंडी सुरू होती, पलीकडे साहेब, बोलून कसं सांगणार? उस्तानीबाईंनी हातानंच खूण केली: आठवी, तू चौथीच्या जागी जा. चौथी, तू शेवटी ये.

कमल माझ्या जागी बसली. मी कमलच्या.

साहेब क्रमानं मार्क लिहीत गेले. चौथा आवाज, अकरा. आठवा आवाज, एक्केचाळीस.

कुणी काही केलं नाही. कुणी लबाडी केली नाही, कुणी दावा साधला नाही. दोन दिवस मी ज्या माणसाला शिव्या देत होते त्यानं मला सगळ्यांत जास्त मार्क दिले होते! आणि मला हे नतीजा बघताना का सुचलं नाही? पाटावर बसले म्हणजे जागा बदलली, हे डोक्यातच आलं नाही. ते काही जागा बदलणं वाटतच नाही आपल्याला. ते नेहमीचंच.

१६ खुर्दाद

उस्तानीबाई म्हणतात दरखास्त कर, अर्ज दे. पण परीक्षेत जागा बदलली तर दोघी बाद, हा नियम छापलेला आहे. एकीनं दुसरीच्या नावावर उत्तरं दिली असंच समजतात. म्हणजे सबब द्यावी लागणार. सबब काय लिहू?

त्यांना म्हटलं, तुम्ही सांगा ना साहेबांना. त्यांनी कानाला हात लावले. "मैं? मर्दों से? तौबा."

आमच्या घरातल्यांसारखंच बोलल्या. अशुद्ध-बिशुद्ध त्या मानत नाहीत, पण त्यांनाही लाज तेवढीच.

१९ खुर्दाद

दरखास्त दिली. "तबियत नासाज असल्यामुळे जागा बदलण्यात आली." हेच शब्द. लिहिताना फार शहाणपण केलं असं वाटलं.

२४ खुर्दाद

शहाणपण अंगाशी आलं. प्रो. सा.चा जवाब आला. तबियत खराब असलेली बाई आधी सुटका मागते, सगळ्यांच्या मागून तीन तास कशाला थांबते? कुणाच्या इजाजतीनं जागा बदलली? दोन्ही बायांनी आपापल्या घरच्या पुरुषांना घेऊन २९ ला हजर व्हावं.

बरोबर विचारलं. मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं.

दुसरी बातमी ह्याहून वाईट. जास्त मार्कवालीला आधी जागा देतात. कमलला जागा मिळाली. कुठली? लातूरची. माझ्या घरापासून चालत जाता येईल अशी ती शाळा. आत्याबाई म्हणाल्या, "अगोबाई!"

२५ खुर्दाद

कमल घाटावर भेटली. धुणं घेऊन आली होती. मी मुद्दाम गेले होते, भांडायला.

"तुला माहीत होतं?"

"मला काय ठावं? मला वाटलं साहेबाला दया आली. म्या तर नीट बोलले पण न्हाई त्या दिवशी. आता वाटतं, ते अकरा तरी कशाचे दिले मला?"

"मग सांग ना तसं."

धुणं आपटायचं थांबवून म्हणाली, "यमू, तुला घर हाय. नवरा हाय. माझ्या नवऱ्यानं मला टाकून चार वर्सं झाली. भावजय रोज ताट आदळून वाढती. लातूरची चिठ्ठी आली तवा पयल्यांदा भाऊ माझ्यापाशी बसून जेवला." मग म्हणाली, "म्या खोटं बोलणार न्हाई. पण आपणहून तोंड पण उघडणार न्हाई. मला इचारलं तर बघू."

भांडायला गेलेली मी तिचं अर्धं धुणं पिळून घरी आले. राग कुठं ठेवायचा तेच कळत नाही. ती चोर असती तर किती सोपं झालं असतं.

पण एक्केचाळीस माझे आहेत. माझे.

२८ खुर्दाद

संध्याकाळच्या मोटारीनं हे आले. एकटे येतील वाटलं होतं. मागून मामंजी उतरले! मी ह्यांना टाकलेल्या चिठ्ठीत "घरचा पुरुष" असं होतं, आणि घरचा पुरुष म्हणजे आपण, असं मामंजींनी ठरवलं. काठी, पगडी, सगळा थाट.

परसात ह्यांना गाठून खरी सबब सांगितली. हे कानापर्यंत लाल झाले. "हे तिथं सांगायचं? बाबांसमोर?"

"मग काय सांगू?"

"ताप होता म्हण. घेरी येत होती म्हण, म्हणून शेवटी थांबलीस."

"उद्या हकीमाचा कागद मागतील."

हे तहसिलीत कारकून आहेत, कागदाचं ह्यांना माझ्याहून जास्त कळतं. मग म्हणाले, "सोडून दे यमू. जाऊ दे. मी आईची समजूत..." आईची समजूत ह्यांना कधी घालता आली आहे?

जेवताना मामंजी भाताला नावं ठेवत होते. त्यांना काहीच माहीत नाही.

२९ खुर्दाद

झालं. बोलले मी. मीच बोलले का?

क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

पडद्याच्या अलीकडे मी, कमल, उस्तानीबाई. पलीकडे प्रो. सा., त्यांचा मुन्शी, कमलचा भाऊ, हे, आणि मामंजी. मामंजींची काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

प्रो. सा.नी विचारलं, "नंबर चार, जगह बदलने की सबब?"

उस्तानीबाई पदराआडून मला चिमटे काढत होत्या. बोल म्हणून का गप्प बस म्हणून, देव जाणे.

दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "सबब नहीं है तो मैं दोनों को खारिज लिखता हूँ." दौतीत टाक बुडवल्याचा आवाज ऐकला. खारिज म्हणजे कमल पण. मी पण. एवढं वर्ष.

मी म्हणाले, "साहेब, मी त्या दिवशी शिवायची नव्हते."

प्रो. सा.ना मराठी येत नाही. त्यांनी ह्यांना विचारलं, "क्या कहती हैं?"

हे बोलेनात. पुन्हा विचारलं, तरी बोलेनात. कमलच्या भावाचा खोकला ऐकू आला. माझ्याच नवऱ्यानं तोंडात गुळणी धरली होती आणि पलीकडे तो टाक तसाच थांबलेला. मग मला काय झालं कोण जाणे. वर्षभर ज्या साहेबांनी उर्दू शिकवली त्यांनाच उर्दूत सांगितलं. औरतों के महीने के जो दिन होते हैं, वो मेरे थे. हमारे यहाँ उन दिनों कोई छूता नहीं, साथ बिठाता नहीं. इसलिए मैं दरवाज़े पर बैठी और आखिर में आई. मेरी जगह नंबर आठ बैठी.

एवढं लांब, एका दमात.

काठी वाजली. एकदा, दोनदा, मग दाराकडे, मग बाहेर. मामंजी निघून गेले.

मग प्रो. सा. बोलले ते कमलशी. "नंबर आठ, ये सच है?"

कमलनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आता म्हणेल नाही, असंच वाटलं. तिनं नाही म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला असता का? दिला असता. कशाला खोटं लिहू?

"जी. खरं हाय," म्हणाली. "चौथ्या जागी म्या होते."

तिच्या भावानं पलीकडून तिला शिवी दिली. सगळ्यांदेखत.

प्रो. सा.नी त्याला गप्प केलं. मग हळू आवाजात मला विचारलं, "वो भाकरीवाला जवाब... वो आप थीं?" पहिल्यांदा नंबर नाही म्हणाले. "आप" म्हणाले. मी "जी" म्हटलं तेव्हा रडू फुटलं.

ते म्हणाले, साल भर आठ आवाज ऐकले, दोन वेगळे ओळखता आले नाहीत, हा कुसूर माझा. पण नतीजा वर गेलेला आहे. मी एकट्यानं मार्क इकडचे तिकडे केले तर दफ्तर कबूल करणार नाही. दोघींची तोंडी पुन्हा होईल, दुसरा मुमतहिन, म्हणजे परीक्षक, येऊन घेईल. तोवर लातूरची जागा थांबवली.

कमल भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "शिवू नको मला."

३० खुर्दाद

मामंजी रात्रीच्या मुक्कामाला आत्याबाईंकडे आलेच नाहीत. धर्मशाळेत राहिले. सकाळी मोटारीत पुढच्या बाकावर बसले, आम्ही मागं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, एकदा मान वळवली नाही. हे माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "मला बोलायला पाहिजे होतं."

मनात म्हटलं, हो, पाहिजे होतं.

४ तीर, लातूर

गावाला कळलं. कसं कळलं देव जाणे, बहुतेक कमलच्या भावानं गंजात, अडतबाजारात, कुणाला तरी सांगितलं. आडावर गेले की बायका बोलायच्या थांबतात. एकीनं विचारलं, "तुमच्या कॉलेजात हेच शिकवतात का हो?" मी म्हटलं, "हो. पहिल्या नंबराला पास झाले त्यात." बोलून बसले, मग घरी येऊन ओठ चावला.

सासूबाई तेवढ्यावरच थांबत नाहीत. "अगं, आम्ही नवऱ्याला सुद्धा तोंडानं सांगितलं नाही कधी. पाट बाजूला दिसला की त्यानं समजायचं. आन् तू चार पुरुषांत, सासऱ्यापुढं..." पदर तोंडाला लावतात.

मला त्यांचा राग येत नाही, हे विचित्र आहे. मला स्वतःलाच अजून धक्का बसलेला आहे. रात्री-अपरात्री नाही, भर दिवसा तांदूळ निवडताना ते वाक्य कानात वाजतं आणि अंगावर काटा येतो. मीच बोलले ते!

९ तीर

मामंजी माझ्या हातचं जेवतात. पण मी वाढायला गेले की ताटाकडेच बघतात. आधीही बघायचे. आता जास्त वाटतं.

कमलची चिठ्ठी नाही. मी दोनदा लिहिली. पहिली फाडली, दुसरी टपालात टाकली. काय लिहिलं होतं, "अभ्यास कर"? दुसरं काय लिहू? मी पास झाले तर ती भावजयीच्या दारात. ती पास झाली... होऊ दे पास. दोघी होऊ देत. जागा एकच आहे.

१७ तीर

सासूबाईंनी निकाल दिला. पुन्हा नांदेडला जायचं नाही. परीक्षा नको, नोकरी नको, जी अब्रू राहिली ती राहू दे. ह्यांनी तोंड उघडलं. चक्क उघडलं! "ती खरं बोलली, मी गप्प बसलो. अब्रू गेली असेल तर माझी गेली." सासूबाई म्हणाल्या, "तू बायकोचा झालास." हे म्हणाले, "हाव, झालो."

नंतर हे आमच्या खोलीत येऊन बसले. मी पाणी दिलं.

पण सासूबाई ऐकत नाहीत. मामंजी ओसरीवर होते, सगळं ऐकलं असणार. घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो, आणि तो शब्दच नाही.

२ अमरदाद

दफ्तराचा कागद आला. तोंडी परवा. नांदेडलाच, त्याच खोलीत. मुमतहिन औरंगाबादेहून येणार.

ह्यांनी कागद वाचून दाखवला. सासूबाई उठून देवघरात गेल्या. मामंजी गंजात निघाले होते, पायात जोडा घालत होते. मला वाटलं ऐकलंच नाही.

मी ओसरी झाडायला घेतली. लग्नाला सहा वर्षं झाली, मामंजी माझ्याशी थेट बोललेले नाहीत. काय असेल ते "तिला सांग" म्हणून. आज दाराशी थांबले. पाठ माझ्याकडेच.

"सूनबाई."

केरसुणी हातातून पडली.

"त्या दिवशी तू पडद्याच्या मागून काय बोललीस ते मला कायबी ऐकू आलं न्हाई. कान गेले आता माझे. म्हून उठून गेलो." पायात जोडा नीट सरकवला. "परवा नव्या सायबापुढं मोठ्यानं बोल. म्या येणार हाय संगं."

आणि गेले. ओट्यावर बसून गंजातल्या पलीकडच्या आडतीवरचा सौदा ज्यांना ऐकू येतो, ते हे मामंजी.

उद्या सकाळची मोटार. कमल येते की नाही, काही कळलेलं नाही. सासूबाई अजून देवघरातच आहेत. मी मामंजींना "हो" म्हणायला हवं होतं, पण तोंडातून शब्दच फुटला नाही. परवा असं होऊन चालणार नाही.